सिंगल माल्ट चाखायची बैठक: बाटल्या कशा निवडाव्यात?

डेक्कनकर

पुढच्या महिन्यात घरी आठ जणांची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की) चाखायची बैठक ठरते आहे. सगळे व्हिस्की पिणारे आहेत, पण सोडा-बर्फ घालून. माल्ट नीट, सावकाश, एकामागून एक असं कुणीच चाखलेलं नाही. सहा बाटल्या घ्यायच्या, खर्च टीटीएमएम.

मी यादी स्कॉटलंडच्या प्रांतांनुसार केली आहे, नावापुढचा आकडा मुरण्याच्या वर्षांचा. लोलंडची ग्लेनकिंची 12, स्पेसाइडच्या ग्लेनफिडिक 12 आणि मॅकॅलन 12, हायलंडची ओबान 14, स्काय बेटावरची टॅलिस्कर 10 आणि शेवटी आयलाची लाफ्रॉइग 10. यादी बरोबर वाटते का? क्रम हाच ठेवू का? प्रत्येकाला किती ओतायची, पाणी किती, आणि चखण्याला काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शेंगदाणा

वाचतोय. चखण्याचा विषय निघाला की हाक मारा.

ताम्रपात्र

डेक्कनकर, तुमच्या सहाही बाटल्या उत्तम आहेत, आक्षेप निवडीच्या तत्त्वावर आहे. स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स 2009 मध्ये पाच प्रांत दिले आहेत: हायलंड, लोलंड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. ही भौगोलिक विभागणी आहे, चवीची हमी नव्हे. आयला म्हटलं की धूर असं आपण धरून चालतो, पण बुनाहाव्हन 12 आयलाचीच आणि तिला पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर जवळजवळ नाही. ब्रुकलाडीची क्लासिक लॅडीही तशीच. उलट आर्डमोर हायलंडची असून धुरकट असते.

चव ठरते ती माल्ट (मोड आणलेली बार्ली) वाळवताना पीट जाळलं की नाही, किण्वन किती तास चाललं, स्टिलचा (दारू गाळायच्या तांब्याच्या भांड्याचा) आकार कसा, कट (गाळलेल्या दारूतला ठेवायचा भाग) कुठे घेतला आणि कास्क (मुरवायचं लाकडी पिंप) कोणता यावर. तुमच्या यादीत ग्लेनकिंचीनंतर मॅकॅलन घेतली की एकाच वेळी चार गोष्टी बदलतात. पिणारा म्हणणार, ‘ही हलकी होती, ही गोड आहे.’ का गोड आहे, हे कळायला त्याच्याकडे काही साधन नाही.

म्हणून माझी सूचना: सहा सुट्या बाटल्या नकोत, तीन जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत शक्यतो एकच गोष्ट वेगळी असावी.

पहिली जोडी कास्कची. ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि ग्लेनमोरांजी लासांता. दोन्हींची मूळ दारू एकाच उंच स्टिलमधली. ओरिजिनल पूर्णपणे बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) जुन्या कास्कमध्ये मुरते. लासांता आधी तशाच कास्कमध्ये आणि मग शेरी या स्पॅनिश वाइनच्या कास्कमध्ये. दोन ग्लास शेजारी ठेवले की व्हॅनिला आणि संत्र्याची साल एकीकडे, मनुका आणि दालचिनी दुसरीकडे. शेरी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी जोडी पीटची. पॉल जॉन ब्रिलियन्स आणि पॉल जॉन बोल्ड. दोन्ही गोव्यात कुंकळ्ळीला बनतात, दोन्हींत भारतीय सहा-रांगी बार्ली, दोन्ही बर्बन कास्कमधल्या, दोन्ही 46 टक्के. ब्रिलियन्स बिनपीटची आणि बोल्डसाठी आयलाहून आणलेलं पीट जाळून माल्ट वाळवलेला. धुराचा धडा द्यायला इतकी स्वच्छ जोडी स्कॉटलंडमध्येही सहज सापडत नाही.

तिसरी जोडी स्टिलची. कल इला 12 आणि लगावुलिन 16. दोन्ही आयलाच्या, दोन्ही 43 टक्के, दोन्हींचा माल्ट पोर्ट एलन मॉल्टिंग्जमधून येतो, पीटची पातळीही जवळपास तीच. तरी कल इला लिंबू, राख आणि समुद्राच्या वाऱ्याची, तर लगावुलिन जाड, तेलकट, लापसंग या धुरकट चिनी चहासारखी. लगावुलिनची स्टिल बरीच भरून सावकाश चालवतात. कल इलाची कमी भरतात, त्यामुळे वाफेला तांबं जास्त लागतं आणि जड, गंधकी घटक मागे राहतात. वयातला चार वर्षांचा फरक आहे हे खरं, पण तो या फरकापुढे दुय्यम.

नाशिकचा_बाबू

ताम्रपात्र काका, जोड्यांची कल्पना फार आवडली. आपल्या दिंडोरीला बनणाऱ्या लाँगिट्यूड 77 या सिंगल माल्टलाही जागा द्या की!

ताम्रपात्र

जरूर द्या, पण सातवी म्हणून, बैठकीनंतर आरामात. ती शेवटी वाइनच्या कास्कमध्ये मुरवून फिनिश केलेली आहे आणि तिची बिनफिनिशची बहीण बाजारात नाही. जोडी जमत नाही.

ग्लासगोची_मावशी

मी थोडी असहमत. आठही जण नवखे आहेत. त्यांना रुंदी दाखवावी, खोली नंतर. टॅलिस्करचा मिरीसारखा झटका, क्लायनेलिश 14 चा मेणचट स्पर्श, स्प्रिंगबँकचा खारट-मातकट बाज या गोष्टी जोड्यांच्या शिस्तीत हरवतील. ग्लेनमोरांजीच्या दोन, पॉल जॉनच्या दोन, म्हणजे सहा बाटल्यांत चारच डिस्टिलऱ्या. पहिल्या बैठकीला ‘अरे, व्हिस्की अशीही असते?’ हा धक्का बसायला हवा.

आणि प्रांतांचा उपयोग अगदीच नाही असं नाही. लक्षात ठेवायला ते आधार देतात. नवख्याला ‘आयला’ आठवते, ‘फिनॉल 35 पीपीएम’ (धुरकट घटकांचं प्रमाण, दहा लाखांत 35 भाग) आठवत नाही.

ताम्रपात्र

मावशी, धक्का बसतो, पण सहा धक्के लागोपाठ बसले की चौथ्यापासून सगळं सारखं लागतं. जीभ आणि नाक तुलनेनेच शिकतात. शेजारी ठेवलेल्या दोन ग्लासांत नवख्यालाही फरक सांगता येतो. एकट्या ग्लासाबद्दल जाणकारसुद्धा चाचपडतो. टॅलिस्कर मात्र माझीही लाडकी. 45.8 टक्के आहे आणि मिरी खरोखर जाणवते. तिसऱ्या जोडीत कल इला मिळाली नाही तर टॅलिस्कर-लगावुलिन घ्या. तेव्हा प्रयोग तितका शुद्ध राहत नाही, एवढंच.

विरजण

पीपीएमचा उल्लेख आला म्हणून. बाटलीच्या माहितीत लिहिलेला आकडा बहुतेक वेळा माल्टचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. मॅशिंग (माल्ट गरम पाण्यात भिजवणं), डिस्टिलेशन आणि मुरण्यात फिनॉलचा मोठा भाग गळतो. किती गळतो ते कट कुठे घेतला यावर अवलंबून. पीटचे जड फिनॉल डिस्टिलेशनच्या उत्तरार्धात येतात. कट लवकर घेतला की धूर कमी, उशिरा घेतला की जास्त. म्हणून आकडा मोठा म्हणजे धूर जास्त हे गणित थेट लागू होत नाही.

वयाचंही तसंच. ‘12’ म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय. त्यात जास्त जुनी मिसळलेली असू शकते. भारतीय माल्टवर बहुधा वय नसतं, ते वाईट लक्षण समजू नका. स्कॉटलंडमध्ये कास्कमधून वर्षाला साधारण 2 टक्के उडून जातं, आपल्याकडच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. लाकडाचा अर्कही झपाट्याने उतरतो. इथे 12 वर्षं ठेवली तर कास्कमध्ये उरेल किती, आणि जे उरेल ते लाकूड चघळल्यासारखं लागेल.

समुद्रगंध

रंगावरूनही कुणी निष्कर्ष काढू नये. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याने मुभा आहे. गडद दिसली म्हणजे शेरी कास्क, हे बैठकीत हमखास कुणीतरी बोलतं आणि मग सगळ्यांना मनुकाच लागायला लागतात. प्रत्येक जोडी नाव न सांगता ओता. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावा, ग्लासाखाली ‘क’ आणि ‘ख’ लिहिलेला कागद. सगळ्यांनी आपापलं टिपून झाल्यावरच नाव उघड करा. आधी बोलायचं नाही, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नाकात शिरतं.

डेक्कनकर

जोड्यांची कल्पना पटली. आता क्रम, ग्लास आणि प्रमाण. सहा व्हिस्की गुणिले आठ माणसं म्हणजे 48 ग्लास लागतील का? ग्लेनकेर्न (व्हिस्की चाखायचे निमुळते ग्लास) तर माझ्याकडे चारच आहेत.

ताम्रपात्र

48 नकोत, 16 पुरतात. एका वेळी एकच जोडी समोर. जोडी संपली की ग्लास साध्या पाण्याने विसळून पुढची ओता. ग्लेनकेर्न कमी असतील तर वर निमुळता होणारा कुठलाही लहान वाइन ग्लास चालेल, फक्त एका माणसासमोरचे दोन्ही ग्लास सारखे हवेत. सरळ उभ्या काठाचा, बर्फ घालायचा ग्लास नको, त्यातून वास पसरून जातो.

प्रमाण 15 मिली. सहा वेळा म्हणजे माणशी 90 मिली, आपल्या भाषेत दीड मोठा पेग. पेग मेजरवर 15 ची खूण नसते, डोळ्याने ओतली तर 25 कधी होते कळत नाही. केमिस्टकडून 20 मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. आठ जणांना प्रत्येक बाटलीतून 120 मिली लागतील, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत 630 उरतील. अख्ख्या सहा बाटल्या विकत घेण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या गटाशी निम्म्या वाटून घेणं शहाणपणाचं.

विरजण

ताम्रपात्रांच्या तीन जोड्यांचा हिशोब: 40, 43, 46, 46, 43, 43 टक्के, प्रत्येकी 15 मिली. शुद्ध अल्कोहोल साधारण 39 मिली, म्हणजे 31 ग्रॅमच्या आसपास. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. कुणीही स्वतः गाडी चालवत जाऊ नये, परतीच्या रिक्षा-कॅब आधीच ठरवा. ज्यांना कमी प्यायची आहे त्यांच्यासाठी थुंकायला उंच स्टीलचा पेला ठेवा. चाखताना थुंकण्यात कमीपणा काही नाही, व्यावसायिक चाखणारे तेच करतात.

ग्लासगोची_मावशी

क्रमाबद्दल. एरवी नियम असा की हलकी आधी, जड नंतर. बिनपीटची आधी, पीटची नंतर. कमी टक्क्यांची आधी, जास्त टक्क्यांची नंतर. हे तीन नियम आपसांत भांडतात तेव्हा पीटचा नियम वरचढ ठरवा. 46 टक्क्यांची बिनपीटची ब्रिलियन्स ही 43 टक्क्यांच्या कल इलाच्या आधीच हवी. धूर एकदा तोंडात बसला की पुढच्या दोन-तीन घोटांत ग्लेनमोरांजीचा संत्र्याचा वास सापडणार नाही.

ताम्रपात्र, तुमच्या यादीत मला एकच जागा खटकते. लासांतानंतर ब्रिलियन्स आली तर शेरीच्या गोडीनंतर ती कोरडी आणि कोवळी वाटेल.

ताम्रपात्र

मावशी, बरोबर बोट ठेवलंत. त्या दोन जोड्यांमध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी घ्या. पाणी, थोडा पाव, गप्पा. जोडी फिरवून पीटची आधी घेता येत नाही, बोल्डचा धूर लासांताला झाकून टाकेल.

शेंगदाणा

सुट्टीत पाव आला, म्हणजे चखण्याचा विषय निघाला असं धरतो. चकली, शेव, मसाला शेंगदाणे यांचं काय?

मधुरा_मुलुंड

मसाला, हिंग, लसूण, कच्चा कांदा यांपैकी काहीही बैठकीआधी आणि बैठकीत नको. तिखटाने जीभ भाजलेली असते, तिला अल्कोहोल नुसतं आग वाटतं. हिंगाचा वास तर बोटांवरून ग्लासाच्या काठावर येतो. साधा पाव, मारी बिस्किट, बिनमिठाचे काजू आणि भाजलेले बदाम पुरेत. पोट मात्र रिकामं नको. तासभर आधी वरण-भात-तूप किंवा दहीभात खाऊन बसावं.

बैठक संपल्यावर मनसोक्त. उरलेल्या लासांताबरोबर 70 टक्क्यांचं डार्क चॉकलेट, आणि लगावुलिनबरोबर निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील. मीठ, धूर, समुद्र, तिन्ही दोन्हीकडे आहेत. कोकणी माणसाला पीट समजावायचं असेल तर एवढी जोडी पुरे.

शेंगदाणा

मधुराताई, बोंबलासाठी तुम्हाला सातशे सत्त्याहत्तर गुण. मसाला शेंगदाणे मागे घेतो.

मधुरा_मुलुंड

खोलीच्या वासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. संध्याकाळची उदबत्ती, धूप, डासांची अगरबत्ती, रूम फ्रेशनर, फरशीचं फिनाइल, हातापायाला चोळलेलं ओडोमॉस आणि मोगऱ्याचा गजरा, या सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका असं आमंत्रणातच कळवा, दारात सांगितलं तर वेळ गेलेली असते.

ग्लास लिंबाच्या वासाच्या साबणाने धुवू नका. कडकडीत पाण्याने धुऊन, हवेत उलटे निथळू द्या. ओल्या फडक्याने पुसलेल्या ग्लासाला कुबट वास येतो. नवे ग्लास खोक्यातून काढले की त्यांना पुठ्ठ्याचा वास असतो, ते आदल्या दिवशी धुऊन ठेवा. ओतण्याआधी रिकाम्या ग्लासात नाक घालून बघा, काहीही वास आला तर परत धुवा.

समुद्रगंध

मधुराताईंशी पूर्ण सहमत. भर: तापमान. मे महिन्यात 33-34 अंशांच्या खोलीत ओतलेल्या व्हिस्कीतून अल्कोहोलच आधी उसळतं, नाक बधिर होतं आणि मग ‘ही जहाल आहे’ असा खोटा शेरा बसतो. एसी 22-23 वर ठेवा, पण झोत टेबलावर नको, वास उडून जातो. एसी नसेल तर बाटल्या ओतण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ नको. गारठ्याने वासाचे घटक उडायचे थांबतात आणि जीभही सुन्न पडते.

डेक्कनकर

आणि पाणी? किती घालायचं याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो.

विरजण

आधी बिनपाण्याची हुंगायची आणि एक घोट घ्यायचा. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हायला, त्यावर मत बनवू नका. पाच-सात सेकंद तोंडात फिरवा, मग गिळा. दुसऱ्या घोटाला लक्ष द्या. नंतर पाणी.

सूत्र सोपं आहे: व्हिस्कीचे मिली गुणिले सध्याचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के. 15 मिली ब्रिलियन्स 46 वरून 40 वर आणायची तर 15 × 46 ÷ 40 = 17.25, म्हणजे सव्वादोन मिली पाणी. दोन मिलीची सिरिंज ठेवा. चमच्याने घातलेलं पाणी हमखास पाच मिली होतं, मग 35 टक्क्यांच्या खाली जाऊन सगळं पातळ लागतं. 40 टक्क्यांच्या ग्लेनमोरांजीला चार-पाच थेंब पुरेत.

पाण्याने वास उमलतो त्याला रसायनाचा आधार आहे. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर ग्वायकॉल या धुरकट रेणूचं वागणं तपासलं. अल्कोहोलचं प्रमाण जास्त असताना तो द्रवात खोल मिसळून राहतो, आणि 45 टक्के किंवा त्याखाली तो पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणून बोल्डमध्ये पाणी घातल्यावर धूर कमी न होता उलट नाकाला जास्त जाणवू शकतो.

पाणी आरओचं किंवा बाटलीबंद चालेल, पण क्लोरीनचा वास असलेलं नळाचं किंवा बोअरचं जड पाणी नको. आणि पॉल जॉनमध्ये पाणी घातल्यावर किंचित धूसर झाली तर घाबरू नका. ती चिल-फिल्टर केलेली, म्हणजे गार करून गाळलेली, नसते. फॅटी ॲसिडची एस्टर्स पाण्याने आणि थंडीने द्रावणातून बाहेर येतात, व्हिस्की बिघडलेली नसते.

नाशिकचा_बाबू

पॉल जॉन गोव्यातून येताना स्वस्तात आणता येईल की! दोन बाटल्या बॅगेत.

समुद्रगंध

नको बाबू. फक्त गोव्यात विक्रीसाठी असा छाप असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, सीमेवर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते. महाराष्ट्रातल्या दुकानातूनच घ्या. परदेशातून कुणी येणार असेल तर ड्यूटी फ्रीमधून माणशी 2 लिटरपर्यंत आणता येतं. कल इला आणि लगावुलिन त्या वाटेने मिळवणं सोपं. शिवाय महाराष्ट्रात हार्ड लिकर प्यायचं वय 25 आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. तो प्रत्येक पाहुण्याकडे आहे का, ते आधी विचारून घ्या.

दुकानात सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल नीट बघून घ्या. बाटली रिकामी झाली की तिचं लेबल खरवडून, बूच वेगळं फेकून मगच भंगारात द्या. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकणारे तिथूनच माल उचलतात.

ग्लासगोची_मावशी

बुचाचं निघालं म्हणून. व्हिस्कीची बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, इतक्या कडक अल्कोहोलने बूच भुसभुशीत होतं. उभीच ठेवायची. बरेच दिवस पडून असेल तर उघडायच्या आदल्या दिवशी क्षणभर उलटी करून बूच भिजवा. तरी मोडलंच, तर स्वच्छ बाटलीत कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून घ्या, चहाच्या गाळणीतून बारीक चुरा सुटतो.

उरलेली 630 मिली काही महिने छान राहते. पातळी एक तृतीयांशाच्या खाली गेली की आतली हवा काम करायला लागते, आणि धुरकट व्हिस्कीचा धूर आधी मावळतो. तेव्हा लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

डेक्कनकर

सगळ्यांचे आभार. प्रांतवार यादी रद्द. आता अशी: ओरिजिनल-लासांता, पंधरा मिनिटं सुट्टी, ब्रिलियन्स-बोल्ड, मग कल इला-लगावुलिन. 16 ग्लास, 15 मिली, झाकलेल्या बाटल्या. शेवटच्या जोडीआधीही सुट्टी घ्यावी का?

ताम्रपात्र

दहा मिनिटं घ्या, पण पाणी पिऊन. पाव नको, कारण बोल्डचा धूर तोंडात असलेला उलट सोयीचा आहे, तिथून कल इलाकडे जाताना चढण सोपी होते. प्रत्येकाच्या ग्लासात बोल्डचे पाचेक मिली राखून ठेवायला सांगा. लगावुलिन झाल्यावर तिच्याकडे परत या. गोव्याचा धूर आणि आयलाचा धूर, दोन्ही एकाच बेटाच्या पीटमधून आलेले, शेजारी लावून बघता येतील. त्यासाठी तेवढे आठ ग्लास जादा लागतील, म्हणजे 24.

ग्लासगोची_मावशी

आणि बोल्डच्या त्या ग्लासांवर बशी झाकून ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात नुसता लाकडाचा वास उरेल. टॅलिस्करचा आग्रह मी पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवते.

शेंगदाणा

बोंबील कुणाकडे?

मधुरा_मुलुंड

माझ्याकडे. फक्त भाजणार गॅलरीत, दार लावून, आणि शेवटची नावं उघड झाल्यावरच.